वाचून शिकणारा संगणक आणि बारावीतली मुलगी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञान शाखेत असलेल्या आपल्या मुलीला गणिताइतकीच मराठी व्याकरणाची आवड आहे आणि इंटरनेटवरील मजकूर वाचून ज्ञान मिळवायला संगणकाला शिकवण्याच्या क्षेत्रात तिला जायचे आहे. मात्र संगणक स्वतःच वाचून शिकत असेल तर माणसाला तिथे काम काय उरणार, अशी आपली शंका आहे.

शंका रास्त आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. शहर, कंपनी, खेळाडू अशा वर्गांची मोजकी उदाहरणे तिला दिली होती. त्यांच्या आगेमागे येणारे शब्द हेरून नवी उदाहरणे शोधायची आणि त्यांवरून आणखी शब्दरचना टिपायच्या, हे काम ती अहोरात्र करी. तिने ‘इंटरनेट कुकीज’ (संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत घातल्या, आणि लोक कुकीजप्रमाणे फायलीही ‘डिलीट’ करतात म्हणून फायलींनाही त्याच पंगतीत बसवले! हा घोळ अखेर माणसांनाच निस्तरावा लागला. आजची भाषा-मॉडेल्स (चॅटबॉटना बोलते करणाऱ्या प्रणाली) पुढचा शब्द ओळखत शिकतात, त्यांना अशा याद्या लागत नाहीत. तरीही कोणता मजकूर वाचायला द्यावा आणि उत्तर बरोबर की चूक हे कसे तपासावे, हे माणसालाच ठरवावे लागते.

मराठीत तर हे काम अधिकच किचकट आहे. ‘पुण्यासारखी शहरे’ या शब्दांवरून पुणे हे शहर आहे, एवढे संगणकाने उचलायचे, तर त्याला आधी सामान्यरूप सोडवून ‘पुण्या’वरून ‘पुणे’ ओळखावे लागते; आणि ‘पुण्यासारखे धन नाही’ या वाक्यात तेच ‘पुण्या’ शहराचे नसून पुण्याचे आहे, हेही त्याला कळले पाहिजे. (मी आता लिहिलेले ‘पुण्याचे’ कोणते, हे आपण क्षणात ओळखलेत.) आपल्या मुलीची व्याकरणाची आवड इथे थेट कामाला येईल.

शिक्षणाचे म्हणाल तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीमध्ये संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाविज्ञान यांचा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम आहे. तो मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. तिथे प्रवेश न मिळाल्यास संगणक अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्राची पदवी घेऊन पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे एम.ए. करता येईल. संभाव्यता आणि रेषीय बीजगणित मात्र कोणत्याही वाटेने चुकणार नाही, आणि ‘तीन महिन्यांत एआय तज्ज्ञ’ करून देणाऱ्या जाहिरातींवर आपण पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्णयापूर्वी तिला एक काम सांगावे. मराठी विकिपीडियावरील शंभर वाक्ये घेऊन त्यांतील व्यक्ती, गावे आणि संस्था यांची नावे तिने वेगवेगळ्या रंगांनी खुणावीत, आणि जिथे अडेल तिथे का अडले ते समासात लिहावे. हे कंटाळवाणे वाटले तर आपण पुन्हा बोलू. ती टिपणे लिहिण्यात रमली, तर प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक