मुलगा कबड्डीत हुशार नाही, पण धडपड्या आहे. संघात टिकेल का?

तुमचा मुलगा १३ वर्षांचा, अलिबागजवळच्या शाळेत खेळतो, चढाई बेताची, एकट्याने पकडही टिकत नाही, पण मैदानभर धावत असतो. सर त्याला ‘धडपड्या’ म्हणतात, आणि हे कौतुक की समजूत, असा तुमचा प्रश्न.

कौतुकच समजा, पण अर्धं. प्रो कबड्डी २०१४ साली आली तेव्हापासून प्रत्येक पोराला चढाई करायची असते. सातांत नेमाने चढाई करणारे दोन-तीन. बाकीच्यांचं मोठं काम म्हणजे दुसऱ्याने सुरू केलेली पकड पुरी करणं. हे काम आपणहून मागणारा मुलगा क्वचित मिळतो, म्हणून तसा मुलगा कुठल्याही सरांना हवाच असतो. फक्त त्याची धाव कुठे जाते ते बघायला हवं.

एकच क्षण घ्या. डाव्या कॉर्नरने, म्हणजे कडेच्या बचावपटूने, चढाईपटूचा घोटा धरला. ती जागा मध्यरेषेपासून साधारण ४ मीटरवर. चढाईपटू पुढे आडवा पडून हात लांबवतो, त्यातच पावणेदोन मीटर संपतात. उरलेल्या सव्वादोन मीटरसाठी तो फरफटत निघतो, आणि एकट्या कॉर्नरला तो आवरत नाही. इथे शेजारच्या कव्हरने, म्हणजे आतल्या बाजूच्या बचावपटूने, समोरून येऊन मांडी किंवा कंबर धरायची, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून. डोकं गुडघ्यासमोर आलं की नाक फुटतंच. शर्ट ओढून उपयोग नाही, कपडे धरून केलेली पकड पंच देत नाहीत.

आता उलटी बाजू. कव्हर उशिरा निघाला, चढाईपटूचा हात रेषेपासून वीतभर राहिलाय, तरी याने अंग टाकलं. हात रेषेला टेकला तर ज्या ज्या बचावपटूचा स्पर्श झाला ते सगळे बाद. जिथे १ गुण जायचा तिथे २ जातात. प्रेक्षक म्हणतात ‘पोराने जीव तोडला’, गुणफलक वेगळंच सांगतो. त्यामुळे निघायचं ते घोटा धरल्याच्या क्षणी. तो क्षण हुकला तर हात मागे. हे थांबणं शिकवायला मला धावण्यापेक्षा अवघड वाटतं.

दुसरी जागा कोणाच्या लक्षात येत नाही. आपला चढाईपटू परतला की समोरच्यांनी ५ सेकंदांच्या आत चढाई पाठवायची असते. काही जण तर त्याच्या पाठोपाठच आत शिरतात. पोरं टाळ्या देत असतात, साखळी सुटलेली, आणि एक जण आरामात हात मारून जातो. अशा वेळी सगळ्यात आधी जागेवर येऊन शेजाऱ्याचा हात धरणारा पोरगा सोन्यासारखा.

सराव साधा आहे. दोघांनी हात धरून ३० सेकंद साखळीत डावी-उजवीकडे सरकायचं, एका चढाईचा वेळ तेवढाच असतो. मग ३० सेकंद विश्रांती. अशा ८ फेऱ्या, त्याही सरावाच्या शेवटी, कारण सामन्याचे पाय शेवटच्या पाच मिनिटांतच जड होतात. पकडीचा सराव मात्र सुरुवातीला, ताज्या अंगाने. दमल्यावर पकडी घेतल्या की डोकं चुकीच्या बाजूला जातं.

सामन्याला वही घेऊन बसा. तीन खुणा पुरेत: वेळेवर आधाराला गेला, जागेवर पहिला परतला, उशिरा अंग टाकलं. चार सामन्यांत तिसरी खूण कमी होताना दिसली की समजा प्रगती आहे, गुण पडोत न पडोत.

आपल्याकडची हवाही मोजा. दमट उन्हात घाम वाळत नाही, अंग तापतं, म्हणून सराव संध्याकाळी ५ नंतर, आणि दर १५-२० मिनिटांनी पाणी किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. मैदान जांभ्याच्या मातीचं असेल तर आधी खडे वेचा, पाणी मारा. पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात सराव हलवला तर साखळी करा, फरशीवर अंग टाकू देऊ नका. मंडळांचे सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. तिथून आला की दुसऱ्या दिवशी सुट्टी.

धडपड्या मुलाचा खरा धोका हाच, की तो दुखतंय म्हणून सांगत नाही. या वयात हाडं वाढत असतात, टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखणं नेहमीचं. लंगडत असेल तर सराव बंद आणि डॉक्टर. एरवीही आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापुढे नकोत, म्हणजे त्याला १३, आणि एक दिवस पूर्ण मोकळा.

आणि बाजूला उभं राहून ‘धर, धर!’ ओरडू नका. पोरं उशिरा अंग टाकतात ती बहुतेक त्या आरोळीनेच. ओरडायचंच असेल तर ‘हात बघ’ म्हणा.