गेम चोरीला गेला, आता काय करू?

सतरा वर्षं मी गेम बनवते आहे, आणि अलीकडे छोट्या स्टुडिओंना सल्लाही देते. या सदराकडे दर महिन्याला तोच गोंधळ येतो. पालकांना वाटतं मुलगा हाताबाहेर गेला, मुलांना वाटतं यात गैर काहीच नाही, आणि गेम बनवणाऱ्यांना वाटतं एक भक्कम कुलूप, म्हणजे चोरीची प्रत चालू न देणारी यंत्रणा, मिळालं की प्रश्न मिटला. म्हणून या वेळी सगळी उत्तरं चोरीच्या गेमबद्दलच देते.

प्रश्न : माझा दहावीतला मुलगा म्हणतो, चोवीस तासांच्या आत डिलीट केला तर डाउनलोड केलेला गेम कायद्याने चालतो. खरं आहे का? (गृहिणी, भांडुप)

नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं कलम नाही आणि कधी नव्हतंही.

प्रश्न : माझं गेमिंग पार्लर आहे, बारा पीसी. प्रत्येक गेमची एक प्रत मी विकत घेतली आणि सगळ्या मशीनवर टाकली. पीसी जोडून देणारा म्हणाला, एकदा पैसे भरले की झालं. बरोबर ना? (व्यावसायिक, विक्रोळी)

बरोबर नाही. तुम्ही घेतलेलं लायसन्स जवळजवळ नक्कीच एका माणसाच्या घरगुती वापराचं असणार. त्याच कायद्याचं कलम ६३ ब वाचा. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून कैद टाळू शकतं. तुम्ही तासाचे पैसे घेता, म्हणजे ती सवलत तुम्हाला नाही. पार्लरसाठी वेगळी लायसन्स मिळतात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची पीसी कॅफे योजना आहे, काही कंपन्या थेट परवानगी देतात. बारा मशीनवर आज काय काय आहे त्याची यादी करा आणि कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. पीसी जोडणाऱ्याचा सल्ला फक्त पीसी जोडण्यापुरताच घ्यायचा.

प्रश्न : एका दुकानदाराने दीड हजारात हार्ड डिस्कवर दोनशे गेम भरून दिले. टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगितला होता. तीन महिन्यांपासून लॅपटॉप मंद झालाय, काही चालू नसतानाही पंखा रात्रभर घोंगावतो. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा. वाढवू का? (वडील, मुलुंड)

रॅम वाढवू नका. आणि तीन महिने थांबायला नको होतं.

‘अँटीव्हायरस बंद करा’ हे वाक्य ऐकलं की तिथेच हात थांबायला हवा. क्रॅक म्हणजे गेममधली ‘ही प्रत विकतची आहे का’ ही तपासणी मोडण्यासाठी कुणीतरी बदललेली फाइल. अँटीव्हायरस अशा फाइलवर ओरडतोच, आणि याच सवयीचा फायदा घेतला जातो. ‘तो उगाच ओरडतो, लक्ष देऊ नका’ असं एकदा पटवून दिलं की त्या फाइलसोबत काहीही घरात शिरवता येतं. २०२१ मध्ये अवास्ट या कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा असाच एक प्रकार उघड केला. तो लोकप्रिय गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींमधून पसरायचा, विंडोजला सेफ मोडमध्ये नेऊन अँटीव्हायरसच काढून टाकायचा आणि मग मालकाच्या विजेवर मोनेरो हे आभासी चलन तयार करत बसायचा. जगभरात २,२२,००० हून अधिक संगणक त्यात सापडले होते. तुमच्या लॅपटॉपमध्ये तेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण रिकामा लॅपटॉप रात्रभर तापत असेल तर तपासणी आजच व्हायला हवी.

आधी त्याचं इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. त्याच लॅपटॉपवर बसून बदलू नका. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा, इथे प्रत्येक तास मोलाचा असतो. लॅपटॉप जाणकार तंत्रज्ञाकडे द्या. बहुतेक वेळा फोटो-कागदपत्रं बाजूला काढून सगळं फॉरमॅट करावं लागतं. ज्याने ती हार्ड डिस्क भरून दिली त्याच्याकडे मात्र दुरुस्तीला नेऊ नका.

प्रश्न : एका गेमला ४,९९९ रुपये. माझा महिन्याचा पॉकेटमनी दीड हजार, त्यात लोकलचा पास आणि खाणं. कंपन्या कोट्यवधी कमावतात. मी एकट्याने फुकट खेळलो तर कुणाचं काय बिघडतं? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, परळ)

किंमत जास्त आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेतला पगार डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली किंमत इथे रुपयांत छापली की ती तुझ्या आवाक्याबाहेर जाणारच, आणि ही चूक तुझी नाही. पण ‘परवडत नाही’ आणि ‘आत्ताच हवाय’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीवर उपाय थांबणं हाच. पीसीवरचे बरेचसे मोठे गेम वर्ष-दीड वर्षात सेलमध्ये निम्म्यावर येतात. एपिक या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात २०१८ च्या डिसेंबरपासून ठराविक दिवसांनी गेम अधिकृतपणे फुकट मिळतात. तुझ्या मशीनवर चालेल का अशी शंका असेल, तर स्टीमवर विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात.

आणि कुणाचं बिघडतं ते सांगते. ज्या हार्ड डिस्कवर त्या श्रीमंत कंपनीचा गेम असतो, तिच्यावरच पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’सुद्धा असतो. २०२० मध्ये आलेला तो गेम छोट्या चमूने जीव ओतून केला होता. हार्ड डिस्क भरणारा कंपनीचा आकार बघत नाही. घरच्यांच्या कार्डावर काही घ्यायचं असेल, तर आधी घरी विचार.

प्रश्न : एका वेबसाइटवर त्याच गेमची ‘की’ निम्म्या किमतीत मिळते. घेऊ का? (बँक कर्मचारी, बोरिवली)

घेऊ नका. ‘की’ म्हणजे गेम सुरू करून देणारा कोड, आणि यातल्या काही ‘की’ चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या असतात. बँक व्यवहार उलटवते, तेव्हा भुर्दंड गेम बनवणाऱ्याला बसतो आणि तुमची ‘की’ रद्द होऊ शकते. २०१९ मध्ये काही स्वतंत्र विकसकांनी जाहीरपणे सांगितलं होतं की, अशा ठिकाणी पैसे देण्यापेक्षा आमचा गेम सरळ चोरून खेळा. यावरून काय ते समजा. गेमच्या स्वतःच्या पानावर अधिकृत विक्रेत्यांची नावं असतात. नसतील तर विकसकालाच विचारा.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र. दोन वर्षं नोकरी सांभाळून गेम केला. पहिल्याच दिवशी तो टोरंटवर, म्हणजे लोक एकमेकांकडून फाइली फुकट उतरवतात तिथे, दिसला. आमच्या हिशेबाने एक विकला गेला तर दहा चोरले गेले. एक कंपनी चोरीविरोधी यंत्रणा देते म्हणते, आमची उरलेली सगळी पुंजी त्यात जाईल. तिचा विक्रेता सांगतो, ‘हे दहाही तुमचे गिऱ्हाईक होतील.’ करू का? (विकसक, अंधेरी)

सही करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नाही.

‘हे दहाही गिऱ्हाईक होतील’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय आणि ते खोटं आहे. रिफ्लेक्सिव्ह नावाच्या स्टुडिओने २००८ मध्ये स्वतःचा हिशेब उघड केला. त्यांचा ‘रिकोशे इन्फिनिटी’ खेळणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोकांकडे चोरीची प्रत होती. त्यांनी एकामागून एक पळवाटा बुजवल्या. निष्कर्ष निघाला तो असा : हजार चोरीच्या प्रती अडवल्या की विक्री वाढते साधारण एका प्रतीने. तुमच्या दहामागे एक या प्रमाणाला घाबरू नका. जे आठवडाभरात दोनशे गेम उतरवतात ते तुमचं गिऱ्हाईक कधी नव्हतंच.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या क्लिफ हॅरिस या एकट्याने गेम बनवणाऱ्या माणसाने चोरणाऱ्यांनाच विचारलं, माझे गेम का चोरता? ढिगाने उत्तरं आली. महाग आहे, डेमो तुटपुंजा आहे, कुलपांचा जाच होतो, विकत घेण्यापेक्षा टोरंट सोपा पडतो. फुकट मिळतं म्हणून घेतो असं म्हणणारेही होते. त्याने तक्रारी मनावर घेतल्या, कुलूप काढलं, किंमती उतरवल्या, डेमो मोठे करायचं ठरवलं. आणि त्याच २००८ मध्ये ‘स्पोर’ हा मोठा गेम आला, तीनच वेळा इन्स्टॉल करू देणारं कुलूप घेऊन. विकत घेणारे संतापले, अ‍ॅमेझॉनवर एका ताऱ्याचे शेरे पडत गेले, आणि तोच त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या गेमपैकी एक ठरला. २०२१ मध्ये कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ या गेमची कुलूप मोडून क्रॅक केलेली प्रत विकतच्या प्रतीपेक्षा सुरळीत चालत होती, कंपनीला नंतर दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला अडखळणारा माल आणि चोरणाऱ्याला चांगला.

माझं स्वतःचं सांगते. २०१४ मध्ये लॅमिंग्टन रोडवर केबल घ्यायला गेले होते. काउंटरवर एक निळी हार्ड डिस्क, तिला पांढरी पट्टी चिकटवलेली, मार्करने लिहिलेलं ‘ऑल गेम’. दुकानातला पोऱ्या गिऱ्हाइकाला फोल्डर दाखवत होता. त्या यादीत आमचा गेम होता, नावातलं एक अक्षर चुकवून. गिऱ्हाईक विशीतलं, पाठीला सॅक. मी विचारलं, हा विकत का नाही घेत? तो म्हणाला, “मॅडम, घेणार होतो. पण साइट डॉलरमध्ये क्रेडिट कार्ड मागते. पप्पांकडे कार्डच नाही. आणि डेमो नाहीये, माझ्या पीसीवर चालेल की नाही कसं कळणार?” मी काही बोलू शकले नाही. लायसन्स तपासणारा कोड लिहिण्यात आम्ही चार महिने घातले होते. रुपयांत पैसे घ्यायची सोय करण्यात एक दिवसही नाही.

स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल २०११ पासून हेच सांगत आलेत की, चोरीच्या मुळाशी बहुतेकदा सेवेतली उणीव असते. पोलंडमध्ये सीडी प्रोजेक्ट या कंपनीने ते करून दाखवलं. बाजारात चोरीच्या सीडी उघड विकल्या जायच्या, तेव्हा १९९९ मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ हा गेम नामवंत पोलिश कलाकारांच्या आवाजात आणला, आणि डब्यात नकाशा, पुस्तक, संगीताची सीडी घातली. चोरीच्या प्रतीत हे काहीच नव्हतं. लोकांनी पैसे मोजले. याच कंपनीने २०१५ मध्ये ‘विचर ३’ पीसीवर कुलपाशिवायही विकायला ठेवला आणि आजवर त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आता तुमचं बघा. स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किंमत लावता येते. तुम्ही ती स्वतः ठरवली का, की डॉलरवरून आपोआप आलेली तशीच ठेवली? डेमो आहे का? जुन्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर तपासून बघितलं का? गेममधल्या चुकीबद्दल खेळणाऱ्याने पाठवलेल्या तक्रारीला तुम्ही किती दिवसांत उत्तर देता? दर पंधरवड्याला एक अपडेट द्या. चोरीची प्रत जुनीच राहते आणि खेळणाऱ्याला ते जाणवतं. मराठी, हिंदी मजकूर घाला. हे सगळं त्या यंत्रणेच्या खर्चाच्या काही हिश्शात होतं. टोरंटवरची प्रत काढायला नोटीस जरूर पाठवा, तो तुमचा हक्क आहे, पण रात्री जागून दुवे मोजत बसू नका. आणि उरलेल्या पुंजीला हात लावण्याआधी तुमच्या सीएसोबत बसून, शून्य नवी विक्री धरून हिशेब मांडा. करार वकिलाला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

प्रश्न : चोरीच्या प्रतीत सापळा ठेवला तर? परदेशात एका स्टुडिओने असं करून प्रसिद्धी मिळवली. (गेम डिझाइनची विद्यार्थिनी, दादर)

तुला ‘गेम डेव्ह टायकून’ म्हणायचं आहे. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच एक बदललेली प्रत टोरंटवर सोडली. तिच्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी चोरीमुळे बुडायची. पहिल्या दिवशीच्या ३,३१८ खेळाडूंपैकी ३,१०४ जणांकडे तीच प्रत होती. तिथे सापळा गेमच्या आतच चोरीचं नाव घेऊन बोलत होता, म्हणून जमलं. २००६ च्या ‘टायटन क्वेस्ट’मध्ये चोरीची प्रत तपासणीपाशी येऊन काहीही न सांगता बंद पडायची. लोकांना वाटलं गेमच सदोष आहे, आणि तीच बोलवा सगळीकडे पसरली. सापळा ठेवायचाच तर तो गेमच्या आत ठेव, आणि सापळा आहे हे स्पष्ट दिसू दे. खेळणाऱ्याच्या संगणकाला किंवा फाइलींना धक्का लावलास तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली तूच अडकशील. कोड लिहिण्याआधी वकिलाशी बोल.

प्रश्न : कॉलेजात असताना एका छोट्या स्टुडिओचा गेम क्रॅक करून पूर्ण खेळलो. आता नोकरी आहे. पैसे द्यावेसे वाटतात. कसे देऊ? (नोकरदार, गिरगाव)

तो गेम विकत घ्या, पूर्ण किमतीला. परस्पर पैसे पाठवू नका, त्यांना हिशेबात दाखवणं अवघड जातं. आवडला होता तर दुकानाच्या पानावर चार ओळींचा शेरा लिहा. छोट्या स्टुडिओला तोही विक्रीइतकाच उपयोगी पडतो. जुनी सेव्ह फाइल नव्या प्रतीत चालेल का, ते त्यांनाच ई-मेल करून विचारा. बहुतेक चालते.