इंदूर ते ग्वाल्हेर विमानाने किती अंतर, किती वेळ?

सरळ हवाई रेषेत साधारण ४६५ किलोमीटर. थेट विमान मिळालं तर तास-सव्वा तास धरा. अंतर मी दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलंय: इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व, ग्वाल्हेरचा राजमाता विजयाराजे सिंधिया २६.२९ उत्तर, ७८.२३ पूर्व. एटीआर-७२ सारखं पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणून एवढ्या जवळच्या टप्प्यालाही तासभर जातोच. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही धरलेलं असतं. मात्र थेट विमान तुमच्या तारखेला आहे का, ते आधी बघा. दिल्लीला विमान बदलावं लागणार असेल, तर त्यापेक्षा गुना-शिवपुरीवरून रात्रीची रेल्वे किंवा बस खरंच बरी.