फास्टफूड कामगारांचा पगार वाढावा म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देईल का?

देईल, पण आपणहून नाही. नुसतं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात आणि शेजारी तेच स्वस्त मिळालं की तिकडे वळतात. यात लोकांची नियत खोटी नसते. आपण दिलेले जादा पैसे त्या कामगाराच्याच हातात पडतील, याची खात्री नसते.

म्हणून वाढ कायद्यानेच आणि सगळ्यांना एकदम लागू व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने हेच केलं. देशभरात ६० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना १ एप्रिल २०२४ पासून तासाला किमान २० डॉलर द्यावे लागतात. राज्याचा सर्वसाधारण किमान दर तेव्हा १६ होता. म्हणजे २५ टक्के वाढ. आता पदार्थाच्या किमतीत मजुरीचा वाटा समजा ३० टक्के धरला, तर सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकूनही किंमत साडेसात टक्केच वाढते. (भाडं आणि कच्चा माल काही पगारामुळे लगेच महागत नाही.) उकळत्या तेलापाशी आठ-आठ तास उभं राहणाऱ्याचं घर नीट चालणार असेल, तर एवढे पैसे मी आनंदाने देईन.