न्यूयॉर्कजवळचं स्कार्सडेल हे गाव नेमकं कसं आहे?

वेस्टचेस्टर काउंटीतलं, जेमतेम 18 हजार वस्तीचं, पण अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत गावांत गणलं जाणारं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हार्लेम लाइन या रेल्वेमार्गाच्या गाडीनं साधारण 35-40 मिनिटांत पोचता. स्टेशनाबाहेरची दुकानंसुद्धा ट्यूडर धाटणीची: उतरती छपरं, भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या. जुनं इंग्लंड वाटतं, पण बरंचसं बांधकाम विसाव्या शतकातलं!

लोक येतात ते मुख्यतः सरकारी शाळांसाठी. शाळांचा बहुतांश पैसा घरपट्टीतून येतो, म्हणून ती डोळे पांढरे करणारी. त्यामुळे मुलं कॉलेजला गेली की बरेच जण घर विकून मोकळे होतात. शाळेत मुलंच नसतील तर माझ्या मते इथे घर घेऊ नये.