नऊ वर्षांच्या मुलीला परिसंस्था आणि तिच्यातले बदल कसे समजावून सांगावेत?

तुमच्या मुलीला शाळेतून परिसंस्थेवर, म्हणजे एका जागेतले सजीव आणि त्यांच्याभोवतीचं पाणी, माती, उजेड या सगळ्यावर, प्रकल्प मिळालाय, ‘आजूबाजूची परिस्थिती बदलली की परिसंस्थेचं काय होतं’ हेही त्यात दाखवायचंय, आणि त्यासाठी थर्माकोलचं मॉडेल करावं का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. थर्माकोलवर गवत, हरीण आणि वाघ चिकटवले की ते तसेच राहतात. तुमचा प्रश्न बदलाचा आहे आणि त्या मॉडेलमध्ये काहीच बदलत नाही. तिला दोन काचेच्या बरण्या द्या.

मी अकरा वर्षं सहावीला विज्ञान शिकवलं. एका वर्षी वर्गात खिडकीपाशी दोन बरण्या ठेवल्या होत्या. दोन्हींत एकाच तळ्याचं पाणी, तळाशी तिथलाच बोटभर चिखल, एकेक पाणवनस्पती आणि दोन-दोन गोगलगायी. फरक एवढाच, की एका बरणीत चिमूटभर रासायनिक खत टाकलं. मुलांनी रोज वहीत तारीख घालून दिसेल ते लिहायचं, बाकी काही नाही.

आठवड्याभरात खताच्या बरणीला हिरवी झाक आली. दोन आठवड्यांनी ती इतकी दाट झाली की मागे धरलेलं बोट दिसेना. तळाच्या वनस्पतीपर्यंत उजेड पोहोचेना, तिची पानं गळायला लागली. इथवर मला अपेक्षितच होतं. पण एक मुलगी, एरवी वर्गात तोंडही न उघडणारी, माझ्याकडे वही घेऊन आली. तिने लिहिलं होतं: ‘सकाळी शाळा भरायच्या आधी गोगलगायी पाण्याच्या वर काचेला चिकटलेल्या असतात. दुपारी खाली जातात. साध्या बरणीत असं होत नाही.’ असं सहा दिवस, रोज दोन वेळा.

ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. ती हिरवी झाक शैवालाची. दिवसा शैवाल ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच श्वसनासाठी तो वापरतं, आणि तळाशी कुजणाऱ्या पानांवरचे जिवाणूही वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. खत वाहून आलेल्या तळ्यांत मासे बरेचदा पहाटेच मरतात ते याच कारणाने. मी हे वर्गात सांगितलंच नव्हतं. त्या मुलीने ते गोगलगायींकडून वाचलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात शाळेत प्रदर्शन होतं. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बरण्या पाहिल्या आणि म्हणाले, “वास येतोय. प्रयोग फसलाय, फेकून द्या. मुलांना निसर्गाचं संतुलन दाखवायचं, कुजलेलं पाणी नाही.” बरण्यांच्या जागी त्यांच्या वर्गाचं मॉडेल आलं, आणि त्यावर अन्नसाखळीचे बाण वाघाकडून हरणाकडे काढलेले होते! बाण खाणाऱ्याच्या दिशेने जातो, कारण तो ऊर्जा कुठून कुठे गेली ते दाखवतो. मी हे बोलले तेव्हा उत्तर मिळालं, की एवढ्या लहान मुलांना काय फरक पडतो. पडतो. उलटा बाण पाहिलेलं मूल परिसंस्थेला ‘कोण कुणाला मारतं’ याची यादी समजतं. मग त्यात चिखलातल्या जिवाणूंना जागाच उरत नाही, आणि त्यांच्याशिवाय तर मेलेलं पान पानच राहील.

साधी बरणी फेकली गेली. हिरवी मी पिशवीत घालून घरी नेली.

‘संतुलन’ या शब्दावर माझा राग तेव्हापासूनचा आहे. तो ऐकून मुलांच्या डोळ्यांपुढे तराजू येतो: थोडा हलला, पुन्हा सरळ झाला. बरणीत तसं झालं नाही. शैवाल मेलं, पाणी तपकिरी झालं, दोन्ही गोगलगायी गेल्या. पण अडीच महिन्यांनी पाणी निवळलं. भिंगातून पाहिलं तर मोहरीहून बारीक जीव पोहत होते. बहुधा त्यांची अंडी चिखलात आधीपासून पडून होती. काचेवर तंतूसारखं शैवाल वाढलं होतं. जुनी पाणवनस्पती मात्र परत आली नाही. बरणी मेली नव्हती आणि पूर्वीसारखीही झाली नव्हती, तिच्यात दुसरंच काहीतरी नांदत होतं. मुलीला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

हे बरणीपुरतं आहे असं कुणी म्हणालं तर कॅनडातल्या 226 क्रमांकाच्या तलावाबद्दल सांगा. 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या तलावाच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला तेच आणि शिवाय अनेक खतांत असतो तो फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी नाही. त्याचा वरून काढलेला फोटो मुलीला जरूर दाखवा. माझ्या बरण्यांचंच ते मोठं रूप होतं, फक्त तिथे कुणी ‘फेकून द्या’ म्हणालं नाही.

‘साखळीतली प्रत्येक कडी सारखीच महत्त्वाची’ हेही शिकवू नका. रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांच्या एका पट्ट्यातून फक्त तारामासे उचलून बाजूला टाकले, आणि ते परत आले की पुन्हा उचलले. तारामासे ज्यांना खायचे त्या शिंपल्यांनी मग खडक व्यापला आणि तिथल्या 15 जातींच्या 8 उरल्या. एखादी दुसरी जात काढली असती तर एवढा फरक पडलाच असता असं नाही. कोण गेल्याने किती बिघडेल हे यादी पाहून कळत नाही, बघत बसावं लागतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट तुम्हाला सगळीकडे सापडेल: 1995 आणि 1996 मध्ये 31 लांडगे आणून सोडले आणि जंगल, नद्या सगळं पूर्ववत झालं. ती अर्धीच सांगू नका. लांडगे जवळपास 70 वर्षं नव्हते. त्या काळात हरणांनी ओढ्यांकाठची विलोची झुडपं खाऊन संपवली, त्या झुडपांवर जगणारे आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर नावाचे प्राणी कमी झाले, त्यांचे बांध गेले, ओढ्यांची पात्रं खोल गेली आणि भूजल खाली उतरलं. लांडगे परतल्यावरही बऱ्याच ओढ्यांकाठी विलोची झुडपं पूर्वीसारखी वाढली नाहीत, कारण मुळांशी पाणीच नव्हतं. मुलांना हे कळत नाही असं मला कुणी सांगू नये. ज्यांनी बरणी पाहिलीय त्यांना लगेच कळतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बरणीत मासा ठेवू नका, तो हमखास मरेल. तोंडाला पातळ कापड बांधा, नाहीतर डास होतील. थेट उन्हात ठेवलीत तर पाणी तापूनच सगळं मरेल आणि खताचा परिणाम कळणार नाही. हात लावल्यावर साबणाने धुवायचे. संपल्यावर ते पाणी, वनस्पती, गोगलगायी कुठल्याही तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका. आणि हेही खरं, की बरणी बंदिस्त असते. खऱ्या तळ्यात नवं पाणी येतं, पक्ष्यांच्या पायांना चिकटून बिया येतात, त्यामुळे तिथलं सावरणं वेगळं असतं.

तापमानवाढीबद्दलही तुम्ही विचारलंय. दोन बरण्यांपैकी एक घरातल्या गरम जागी आणि एक थंड जागी ठेवून बघता येईल, उजेड मात्र दोन्हींना सारखा हवा. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि त्यातल्या जीवांना तो लागतो मात्र जास्त. मी स्वतः हे करून पाहिलेलं नाही.

वास यायला लागला की घरात कुणीतरी म्हणेलच, प्रयोग फसला. त्या दिवशी बरणी गॅलरीत सावलीला ठेवा आणि मुलीला वहीत तारीख लिहायला सांगा. सकाळी एकदा, दुपारी एकदा.