सुकेल तेव्हा सुकेल : सुट्टीतल्या हस्तकलेवर वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात गोव्यात ऊन भरपूर, पण हवाही तितकीच ओली. पुस्तकात ‘दोन तासांत सुकते’ असं लिहिलेलं काम इथे रात्रभर ओलंच राहतं. या वेळी आलेल्या काही तक्रारींच्या मुळाशी हेच आहे. पहिला प्रश्न मात्र वेगळा.

मुलीने टी-शर्ट बांधून रंगवला. सुंदर दिसत होता, पण तिसऱ्या धुण्याला सगळा रंग गेला. पक्का व्हावा म्हणून मीठ आणि व्हिनेगर घातलं होतं. – एक पालक, फोंडा

व्हिनेगरनेच घात केला. ते लोकर आणि रेशमाच्या रंगांना लागतं. सुती कापडासाठी जे थंड पाण्याचे रिअॅक्टिव्ह रंग मिळतात, त्यांना धाग्याशी जोडायला क्षार हवा, म्हणजे सोडा अॅश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड). आंबट घातलं की जोडच होत नाही. रंग कापडावर नुसता बसतो आणि धुण्यात निघून जातो.

पुढच्या वेळी असं करा. टी-शर्ट शंभर टक्के सुती आहे ना, हे आतल्या पट्टीवर वाचा, कारण पॉलिस्टर हा रंग घेत नाही. नव्या कापडाला खळ असते, म्हणून आधी गरम पाण्यात साबणाने धुवा. 2 लिटर पाण्यात 40 ग्रॅम सोडा अॅश विरघळवून कापड 20 मिनिटं भिजवा, पिळा, मग रबर बँड बांधा. खायचा सोडा चालत नाही, त्याचा क्षार फार सौम्य असतो. खड्यांचा धुण्याचा सोडा असेल तर साधारण पावणेतीन पट घ्यावा लागतो, कारण खड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं.

दर रंगाला 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम पूड पुरते. रंग ओतल्यावर कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून 12 तास ठेवा. इथल्या उकाड्यात एवढा वेळ भरपूर होतो. पिशवी उघडी राहिली आणि कापड सुकलं, तर जोडणी तिथेच थांबते. धुताना बांधलेलंच कापड आधी गार पाण्यात धरा. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येऊ लागलं की रबर काढा आणि गरम पाण्यात साबणाने धुवा. क्रम उलटा केला तर सुटा रंग पांढऱ्या जागी पसरतो. पूड मोजताना मास्क आणि हातमोजे हवेतच. ती श्वासात गेली तर काहींना त्रास होतो.

नारळाच्या करवंटीची झाड लावायला टांगती कुंडी करायची आहे. भोक पाडताना करवंटी तडकते, आणि टांगली की एका बाजूला कलते. – इयत्ता नववी, डिचोली

तडकते कारण भोक काठाला फार जवळ पडतंय, किंवा तू ड्रिल दाबतोस. काठापासून किमान 1 सेंटीमीटर खाली खूण कर. तिथे मास्किंग टेप चिकटव, म्हणजे टोक घसरत नाही. 3 मिलिमीटरच्या पात्याने सावकाश फिरव, जोर लावू नकोस. करवंटी वाळूने भरलेल्या पिशवीवर पालथी ठेवली की हलत नाही.

कलण्याचं कारण मोजमापात आहे. काठाभोवती दोरा गुंडाळून त्याच्या तीन सारख्या घड्या घाल, घडीच्या जागांवर खुणा कर. नुसत्या नजरेने तीन सारखे भाग पडत नाहीत. दोऱ्याही सारख्या लांबीच्या हव्यात, त्या एकत्र धरून एकदमच काप.

आता सुरुवातीपासून. जून, सुका नारळ घे आणि घरातल्या मोठ्या माणसाला कोयत्याच्या पाठीने फिरवत फिरवत मधोमध ठोकायला सांग, मग सरळ दुभंगतो. खोबरं उकरत बसू नकोस, दोन-तीन दिवस उन्हात ठेवलं की आपोआप सुटतं. बाहेरचे काथ्याचे तंतू सुरीच्या पाठीने खरवडून 80, मग 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मार. मधला नंबर गाळलास तर आधीच्या पेपरचे ओरखडे राहतात आणि ते पॉलिश केल्यावरच दिसतात. काठ सपाट करायला पेपर लादीवर उताणा ठेवून करवंटी पालथी घास. ही पूड अगदी बारीक असते, तेव्हा नाकाला रुमाल बांध आणि घराबाहेर बस.

चकाकीसाठी खोबरेल लावतात, ते टाळ. हे तेल सुकत नाही, धूळ धरतं आणि जूनमध्ये त्यावर बुरशी येते. कुंडीसाठी पारदर्शक व्हार्निशचे दोन पातळ हात बरे, मध्ये पूर्ण दिवस जाऊ दे. खाण्याची वाटी करणार असशील तर व्हार्निश मुळीच नको. तळाचा मऊ डोळा खिळ्याने उघड, पाणी निचरायला तेवढं पुरे.

ब्रेसलेट विणताना पट्टी सरळ न येता पिळ पडतो. दोराही मध्येच संपला. – दोन मैत्रिणी, मडगाव

तुम्ही दर वेळी एकाच बाजूचा दोरा वरून नेताय. एकदा डावा, एकदा उजवा असं आळीपाळीने करा, पट्टी सपाट येईल. (पिळाचंही छान दिसतं, ते मुद्दामही विणतात.) मनगटाला 16 सेंटीमीटरची पट्टी हवी असेल तर मधले दोन दोरे 40 सेंटीमीटरचे आणि गाठी मारायचे दोन्ही दोरे 90 सेंटीमीटरचे घ्या.

देवळातल्या भिंतीवर लाल-पांढरी कावी पाहिली. घरी करता येईल का? – इयत्ता अकरावी, पेडणे

छोट्या फरशीवर येते. मोरजीच्या मोरजाई देवळात आहे तशी कावी म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल थर, आणि तो ओलसर असताना कोरून काढलेली पांढरी नक्षी. घरी चुना वापरू नकोस, डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी घे. तिच्यातही क्षार असतोच, म्हणून हातमोजे घाल.

उरलेल्या लादीची खडबडीत मागची बाजू वर घे आणि लादी आधी तासभर पाण्यात भिजव. कोरडी लादी पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि भेगा पडतात, बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. 400 ग्रॅम पुट्टीत सुमारे 150 मिली पाणी घालून गुठळ्या मोड, 10 मिनिटं ठेवून पुन्हा घोट. दीड मिलिमीटरचा एक थर दे, पाच-सहा तासांनी दुसरा. एकच जाड थर दिलास तर तो वरून आवळतो, आतून ओला राहतो आणि फुटतो.

दुसरा थर बोटाला चिकटेनासा झाला, पण अजून गार लागतोय, तेव्हा लाल हात मार : 40 ग्रॅम लाल ऑक्साइड, 60 मिली पाणी, एक चमचा फेविकॉल. रंग पुट्टीत मिसळायचा नाही, नाहीतर गुलाबी होतो. अर्ध्या-पाऊण तासाने कोरायला घे. कडा उचलल्या जात असतील तर थांब, अजून ओलं आहे. भुकटी उडून कडा दातेरी होत असतील तर उशीर झाला, पाण्याचा हलका फवारा मारून बघ. पहिल्यांदा कंपासने सहा पाकळ्यांचं फूल काढ : वर्तुळाची त्रिज्या न बदलता परिघावर फिरत जायचं. कंपासचं टोक रेषेला, जुनी सपाट घासलेली पट्टी मोठी जागा खरवडायला. ऑक्साइडचा डाग कपड्यावरून जात नाही.

शिंपल्यांची माळ करायला किनाऱ्यावरून काय काय आणावं? – एक शिक्षिका, वास्को

काहीच नाही आणलं तरी चालेल. स्वयंपाकघरातल्या ‘तिसऱ्या’ नावाच्या खाण्याच्या शिंपल्या घ्या, उकळा, आतला मांसाचा कण न् कण ब्रशने काढा (वास येतो तो त्याचाच) आणि दोन दिवस उन्हात ठेवा. भोकासाठी ड्रिल नको. बिजागरीजवळचा फुगीर भाग ओल्या खडबडीत दगडावर घासत राहिलं की आपोआप भोक पडतं. किनाऱ्यावरचे मोठे शंख उचलू देऊ नका. त्यांत शंखखेकडे राहतात, आणि काही जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

नरकासुराचा कागदी मुखवटा मुलांनी सुट्टीतच करून ठेवला तर दिवाळीपर्यंत टिकेल? गेल्या खेपेस पावसाळ्यात बुरशी आली. – एका वाड्यावरचे दादा, म्हापसा

टिकेल, पण ओल आत अडकता कामा नये. एका वेळी तीनच थर लावा, मग पंख्याखाली पूर्ण दिवस सुकवा. फुग्यावर करत असाल तर उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगा फुगतो आणि ओला कागद फाटतो. फुगा काढल्यानंतर मात्र खुशाल ऊन द्या. सुकलाय की नाही हे गालाला लावून कळतं : जिथे गार लागतो तिथे अजून ओल आहे. मैद्याच्या खळीत चौथा भाग फेविकॉल घातलात तर मुंग्या आणि बुरशी दोन्ही कमी होतात. पुस्तकं बांधणारी जुनी बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालत, तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

पूर्ण सुकल्यावर ऑइल पेंटचा हात बाहेरून आणि आतूनही द्या. आतली बाजू बहुतेक जण विसरतात, बुरशी तिथूनच येते. ठेवताना प्लास्टिक गुंडाळू नका, जुन्या सुती धोतरात बांधून उंचावर टांगा. असा रंगवलेला मुखवटा नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या पुतळ्याबरोबर जाळायचा नाही, धूर वाईट असतो. जाळायला साधा कागदी करा, हा पुढच्या वर्षीही वापरता येईल.